शेजारचं आकाश

आमच्या साडूभाऊंना जगातली कुठलीही गोष्ट तिच्या शेजारचं वजा केल्याशिवाय पटत नाही. अहमदपूरच्या कॉलेजात त्यांनी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. पण जीव सगळा गच्चीवरच्या दुर्बिणीत. काही ताऱ्यांच्या अंगावर क्रोमियम, स्ट्रॉन्शियम असली मूलद्रव्यं वाजवीपेक्षा फार जास्त दिसतात. असल्या विक्षिप्त ताऱ्यांचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश साडूभाऊ दुर्बिणीला यंत्र लावून मोजतात. विक्षिप्ताला विक्षिप्त भेटला, असं मी म्हणतो. रीत ठरलेली: आधी तारा मोजायचा, मग शेजारचं रिकामं आकाश, आणि ते ताऱ्यातून वजा करायचं. आकडा ते मोठ्यानं सांगत. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, तो वहीत लिहून "हां" म्हणे. मग पुढचा आकडा.

ही रीत गच्चीवरून खाली उतरली आणि घोटाळा झाला. मला ताप भरला तेव्हा त्यांनी आधी भिंतीला हात लावला, मग माझ्या कपाळाला. "भिंत वजा केली तर ताप न्हाई," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मला सलाईन लावलं. रेणापूरच्या एका लग्नात आमटीभात खाऊन झाल्यावर त्यांनी नुसता भात मागवला, शांतपणे चावला आणि जाहीर केलं, "भात वजा केला तर आमटीत मीठच न्हाई." तो आचारी अजून आम्हाला ओळख दाखवत नाही.

एका ताऱ्याचा अवरक्त प्रकाश मात्र गणितापेक्षा नेहमी जास्त भरे. त्याच्याभोवती धुळीचं कडं आहे, असं साडूभाऊंचं म्हणणं. नऊ वर्षं दोघांनी तो मोजला, लेख छापून आला, अक्कानं गल्लीत पेढे वाटले. मग पुण्याच्या एका मोठ्या अभ्यासकाचं पत्र आलं: धूळबीळ काही नाही, त्या ताऱ्याला अगदी खेटून दुसरा एक थंड, मंद तारा आहे. तुम्ही दोघांचा प्रकाश एकाच्याच नावावर मांडलात. साडूभाऊ दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी अक्का म्हणाली, "चुकलं तं चुकलं, लिहून कळवा. अन् बरंच झालं की! एवढे दिस आपुन त्याला एकटाच समजून राहिलो." त्यांनी चूक कबूल करणारं पत्र लिहिलं आणि तिनंच ते टपालात टाकलं.

अक्का गेली, त्याला आता वर्ष होईल. परवा रात्री गेलो तेव्हा साडूभाऊ गच्चीवर होते, वही स्वतःच्याच मांडीवर. त्यांनी आकडा मोठ्यानं सांगितला, लिहिला आणि थांबले. मला फार वाईट वाटलं. शेवटी मीच "हां" म्हणालो, तेव्हा त्यांनी दुर्बीण शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे वळवली.