फाटकाशी दोन आज्या

ग्लासगोत माझ्या नातवाच्या शाळेत सगळं गेलिकमधून शिकवतात. तिथली ही जुनी भाषा आता थोड्याच घरांत उरली आहे; पण शाळा चांगली, म्हणून मुलानं त्याला तिथे घातलं. दुपारी त्याला आणायला मी फाटकाशी उभी राहते. शेजारी शीला असते, तिथलीच आजी. काल बाईंनी वाकून शीलाच्या नातीच्या कोटाची चेन लावली आणि गेलिकमध्ये काहीतरी म्हणाल्या. पोरगी खिदळली. माझा नातूही हसला.

“काय म्हणाल्या गं?” शीलानं इंग्रजीत विचारलं.

“इंग्रजीत नाही सांगता येत, ग्रॅन.”

शीला माझ्याकडे वळली. “माझी आई हीच भाषा बोलायची. पण आम्हा मुलांशी कधी नाही. काय उपयोग, म्हणायची.”

मी मान हलवली. मराठीबद्दल माझा मुलगाही हेच म्हणतो. वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही; फक्त पावलं गार पडली होती. शीलाच्या घरच्यांनी तिच्या आईनं टाकलेली भाषा निदान शाळेतून परत मागितली. आमची कोण मागणार?

नातवाचा हात धरला. “चल,” म्हटलं. तेवढं त्याला कळतं.