मूळ संच पाहिलेली माणसं

ओल्या लोकरीला एक वास असतो. मेलबर्नच्या जुलै महिन्यात, म्हणजे ऐन हिवाळ्यात, बुधवारी दुपारी, शहरातल्या एखाद्या जुन्या नाट्यगृहाच्या पायऱ्या चढून आत शिरलं की तो भेटतो. बाहेर पावसाची बारीक, चिवट भुरभुर चाललेली असते. ट्राममधून उतरलेल्या पिकल्या केसांच्या बायका कोट झटकत, छत्र्या मिटत, पर्समधल्या पेपरमिंटच्या गोळ्या चाचपत गालिच्यावरून सावकाश वर चढत असतात. आणि त्या साऱ्यांच्या कोटांतून, मफलरींतून, पिवळ्या दिव्यांच्या उबेत वाफारत तो वास पसरत राहतो. सुगंध म्हणावा असं त्यात काही नाही. खरं सांगायचं तर तो भिजलेल्या मेंढीचा वास आहे! पण तो आला की माझ्या मनात पुढचं सगळं आपोआप उलगडत जातं: पडद्यामागची अस्पष्ट लगबग, वाद्यवृंदाची सूर जुळवतानाची ती मधुर अनागोंदी, आणि माझ्या डाव्या कानाशी कुजबुजणारा शिरीष, माझा नवरा: "आज मूळ संचाशी तुलना करायची नाही, असं मी ठरवलंय." असं तो दर वेळी ठरवायचा. मध्यंतरापर्यंतसुद्धा ते टिकायचं नाही.

मूळ संच! हे दोन शब्द ज्याच्या कानावर लहानपणापासून पडले नाहीत, त्याला त्यातला माज कळायचा नाही. आमच्या तरुणपणी पुण्यात रविवारच्या वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिरातींचं भरगच्च पान असे आणि त्यातल्या एखाद्या चौकटीत ठसठशीत अक्षरांत छापलेलं असे, 'मूळ संचात'. म्हणजे ज्या नटनट्यांनी पहिल्या प्रयोगात ती पात्रं उभी केली, तीच आज रंगमंचावर येणार. 'नव्या संचात' असं छापलेलं असलं, तर शिरीषच्या घरी त्याला शिळ्या भाताची फोडणी म्हणत. मला स्वतःला फोडणीचा भात फार आवडतो, ही गोष्ट वेगळी. नाटकावरचा कुठलाही वाद टिपेला पोचला, की हा गृहस्थ चष्मा पुसत अत्यंत शांतपणे म्हणायचा, "आम्ही मूळ संचात पाहिलंय." संपला वाद! त्यावर समोरचा काय बोलणार? काळाच्या ज्या तुकड्यात आपण हजरच नव्हतो, त्याबद्दल तोंड उघडायचा आपल्याला अधिकार तो कुठला? नुसतं तिथे असल्याचा हा अहंकार किती निरागस, आणि किती दुष्टही!

मग आम्ही इकडे आलो. शिरीषला सॉफ्टवेअरमधली नोकरी, मला यथावकाश लायब्ररीतली, आणि शहराच्या कडेला डँडेनॉन्गजवळ घर. पाठीमागे राहिली ती मराठी रंगभूमी. नाटकाचं वेड लागलेला माणूस अशा वेळी काय करतो? जे नाटक मिळेल त्यावर जीव टाकतो. शिरीषने ब्रॉडवेवर टाकला. न्यूयॉर्कला कधी पाऊलही न ठेवलेला हा माणूस तिथल्या रंगभूमीबद्दल शेजारच्या गल्लीतल्या भानगडींसारखा बोलू लागला. कुणाला कुठली भूमिका मिळाली, कुणाची हुकली, कुठली नटी आवाज बसल्यामुळे रजेवर गेली, सगळं त्याला ठाऊक. आणि सारख्याला सारखं भेटतं म्हणतात तसे आम्हाला सुधन्वा आणि मेधा भेटले. सुधन्वा डँडेनॉन्गच्याच एका कारखान्यात इंजिनिअर, त्याची बायको मेधा शाळेत शिकवते. आम्ही चौघं दुपारचा खेळ बघायचो आणि परतताना फॉस्टर स्ट्रीटवरच्या एका डोशाच्या दुकानात बसून त्या नाटकाचं शवविच्छेदन करायचो. सुधन्वाला कलेपेक्षा गल्ल्यात रस. ब्रॉडवेवरच्या नाटकांचे आठवड्याचे आकडे तो क्रिकेटच्या स्कोअरसारखे सांगायचा. "अरे मेट, सिनेमातला स्टार घेतला म्हणून तर तिकिटं खपली!" तो म्हणायचा. "खपायला ते काय साबण आहेत?" शिरीष कडाडायचा. मेधा मधे पडायची, चटणी मागवायची, आणि वाद पुढच्या डोशापर्यंत तहकूब व्हायचा.

जूनमधली ती सोमवारची सकाळ तर आमचा सणच! न्यूयॉर्कला रविवारी रात्री नाटकांचे पुरस्कार जाहीर होत, तेव्हा आमच्याकडे सोमवार उजाडलेला असे, आणि बरेचदा ब्रिटिश राजा-राणीच्या वाढदिवसाची सुट्टीही त्याला जोडून येई. शिरीष पोहे करायचा. पोह्यांत शेंगदाणे किती हाही वादाचाच विषय. मेधा कपड्यांवर टीका करी, सुधन्वा पुरस्कारानंतर कुणाची तिकीटविक्री वाढणार याचं भाकीत करी, आणि आमची लहानगी रेवती उशीत तोंड खुपसून विचारी, "कॅन वी वॉच समथिंग एल्स?" कुणीही तिच्याकडे लक्ष देत नसे. किती सुखी होतो आम्ही! कुणाला तरी बक्षीस मिळावं म्हणून पृथ्वीच्या या टोकाला चार माणसं श्वास रोखून बसतात, आणि ज्याच्यासाठी बसतात त्याला त्याचा पत्ताही नसतो, याहून निर्हेतुक प्रेम दुसरं कुठलं असेल?

गंमत अशी, की ब्रॉडवेचा खरा मूळ संच ऑस्ट्रेलियात जवळजवळ कधीच येत नाही. नाटक आधी न्यूयॉर्कला गाजतं, मग लंडनला, मग सिडनीला, आणि मग केव्हातरी आमच्या वाट्याला येतं. म्हणजे आमचा तो तथाकथित मूळ संच तिसरा किंवा चौथाच. मेधाने हे एकदा शिरीषला तोंडावर सुनावलं. त्याने क्षणभर विचार केला आणि चष्मा पुसत म्हणाला, "मी पहिल्यांदा पाहिला, तो मूळ." आम्ही खूप हसलो. पण प्रेमाचा सगळा कारभार याच तर्कावर चालत नाही का?

मग एका हिवाळ्यात शिरीष गेला. हृदयविकाराचा झटका, तोही ऑफिसात. त्याबद्दल मी अधिक लिहिणार नाही, कारण ते अजूनही मला नीट लिहिता येत नाही.

सुधन्वा आणि मेधाने मला एकटं पडू दिलं नाही. थोडे महिने गेल्यावर मेधाचा फोन आला, "अनघा, तीन काढलीयेत गं, तू येतेयस. पार्किंगचं हा बघेल, नो वरीज." मी गेले. तेव्हापासून तीनच तिकिटं निघत, आणि माझ्या डाव्या बाजूला दर वेळी कुणीतरी अनोळखी बसे. आणि आणखी एक झालं. आमच्या बोलण्यातून शिरीषचं नाव निघून गेलं. एखाद्या लांबलेल्या नाटकातला प्रवेश कापतात, तसं त्यांनी ते अलगद कापलं. "तेव्हा आपण गेलो होतो ना", "त्या वेळी कुणीतरी म्हणालं होतं", अशी नाव गाळलेली वाक्यं ते बोलू लागले. मला दुखू नये म्हणून, दुसरं काय! चांगल्या मनाच्या माणसांनी पाळलेलं मौन किती कडेकोट असतं! ते कसं फोडायचं हे मला कळलं नाही, आणि मीही त्यांच्यासारखीच बोलू लागले. घरी एकटी असताना मात्र कधीकधी मी त्याचं नाव मोठ्याने उच्चारून बघायची.

अशा दिवसांत मनोहर भेटला. तो लायब्ररीत जुन्या नकाशांची पुस्तकं शोधत आला होता. नागपूरचा; आयुष्य ऑस्ट्रेलियातल्याच टूवूंबाच्या विद्यापीठात मातीचं शास्त्र शिकवण्यात गेलं; लग्न फार पूर्वी मोडलेलं; निवृत्तीनंतर मुलाजवळ राहायला मेलबर्नला आलेला. आम्ही आधी पुस्तकांबद्दल बोललो, मग कॉफीबद्दल, मग कॉफी पिता पिता सगळ्याबद्दल. तो उत्तम ऐकतो. भाजी अप्रतिम करतो, आणि नाटकातलं त्याला शष्प कळत नाही. पण तो घरी येणार असला की मी आरशासमोर दोनदा उभी राहते. ही गोष्ट आता लपवण्यासारखी राहिली नव्हती. या वयात लपवायचं तरी कुणापासून?

आणि त्याच सुमारास ते नाटक परत आलं. दीपगृहात राहणाऱ्या बाप-लेकीची ती संगीतिका शिरीषची सगळ्यात लाडकी. पूर्वी मेलबर्नला आली तेव्हा त्याने ती पुनःपुन्हा पाहिली होती. आता ती आली होती अर्थातच नव्या संचात. मेधाने तिकिटांचं विचारलं, तेव्हा मी धीर करून मनोहरबद्दल सांगितलं. "अगं बाई! मग चार काढते ना," एवढंच ती म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून मला काहीही ओळखता आलं नाही. रेवती आता सिडनीला, क्वेकर्स हिलला राहते. तिला फोन केला, तर तिचं उत्तर तयार होतं: "आई, इट्स जस्ट अ शो. टेक हिम." नुसतं नाटक! सुधन्वा-मेधाशी माझं जे काही जोडलेलं होतं, ते सगळं नाटकातूनच तर जोडलेलं होतं. त्यांनी मनोहरला आपलं मानलं नाही तर? मला यातलं कुणीही गमवायचं नव्हतं. आणि त्याहून भयंकर म्हणजे, त्यांनी त्याला अगदी सहज आपलं मानलं तर? ती चौथी खुर्ची भरली, तर शिरीष गेला कुठे? या दोन भीतींमध्ये मी कितीतरी रात्री कूस बदलत राहिले.

बुधवारी दुपारी आम्ही चौघं नाट्यगृहात शिरलो. सगळे एकमेकांशी अतोनात सौजन्याने वागत होते, लग्नात व्याही वागतात तसे. मनोहर माझ्या डावीकडे बसला. पडदा वर गेला आणि थोड्याच वेळात त्याने विचारलं, "हा मघाचाच माणूस का?" मी म्हटलं, हो, टोपी बदललीय. पुन्हा थोड्या वेळाने, "अन् ही कोण?" शिरीषने अशा प्रेक्षकाला बाहेर काढलं असतं! पण पहिल्या अंकाच्या शेवटी ते बापाचं गाणं आलं. नवा नट जुन्याहून किरकोळ होता, त्याचा आवाजही तितका भरदार नव्हता. पण लेकीला हाक मारताना जुना जिथे गर्जायचा, तिथे हा एकदम हळू झाला. मला तो आवडला. मनापासून आवडला, आणि लगेच मी कुणी पाहिलं तर नाही ना, अशी इकडेतिकडे पाहू लागले. मनोहर रुमालाने डोळे पुसत होता, आणि ते लपवण्याचा त्याने जराही प्रयत्न केला नाही.

नाटक सुटल्यावर आम्ही रीतसर फॉस्टर स्ट्रीटवर गेलो. डोसे आले. हवापाण्याचं बोलून झालं, टूवूंबाच्या शेतीचं बोलून झालं, आणि मग सवयीने, केवळ जिभेच्या जुन्या सवयीने सुधन्वा म्हणाला, "चांगलं केलं रे पोराने, नाही असं नाही. पण शेवटी मूळ संचाची सर नाही त्याला."

मेधाने सुधन्वाकडे असं पाहिलं, की तो जागच्या जागी आक्रसला. "म्हणजे, आय मीन, मी नाटकाचं म्हणतोय," तो चाचरला, "त्या नटाचं. दुसऱ्या कशाचं नाही." आणि ते 'दुसरं काहीतरी' आता सांबाराच्या वाटीशेजारी उघडंच येऊन बसलं. माझ्या हातातला घास हातातच राहिला. मला वाटलं, संपलं. आता आपण उठायचं, गोड बोलून निरोप घ्यायचा, आणि यापुढे मनोहरला आणि यांना एकमेकांपासून वेगळं ठेवायचं.

मनोहरने डोशाचा तुकडा चटणीत बुडवला, तो नीट खाल्ला आणि सुधन्वाकडे पाहिलं. "बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "मी काही मूळ संच पाहिला नाही. अनघा सांगायला लागते अन् मधेच थांबते. तुम्ही तर पाहिलाय ना? सांगा ना बाप्पा, कसा होता शिरीष?"

शिरीष. इतक्या दिवसांनी ते नाव त्या टेबलावर कुणीतरी उच्चारलं, आणि ते ज्याने त्याला कधी पाहिलंही नव्हतं त्याने! मेधाचे डोळे भरून आले. सुधन्वा पाणी प्यायला, त्याने घसा खाकरला आणि तो एकदम सुटलाच. "अरे, काय सांगू तुला, वल्ली होता!" म्हणाला. क्षणात तो मनोहरला अरे-तुरे करू लागला होता. मग त्याने एका जुन्या नाटकाच्या मध्यंतराचा किस्सा काढला. शेजारच्या एका ऑस्ट्रेलियन आजीबाईला शिरीष तावातावाने पटवत होता, की हा नवा नट कसा भुक्कड आहे आणि आधीचा काय देवमाणूस होता. आणि ती निघाली त्या नव्या नटाची सख्खी आई! "शिरीषचा चेहरा बघायला हवा होतास," सुधन्वा म्हणाला. "लालबुंद. सॉरी सॉरी करत पळाला."

"पळाला?" मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "शिरीष? तो आणि पळेल? अरे, तो तिथेच उभा राहिला. चष्मा काढला, पुसला, आणि तिला म्हणाला, 'मॅडम, आवाज त्याला तुमच्याकडून मिळालाय, तो उत्तम आहे. मी फक्त अभिनयाबद्दल बोलतोय.' आणि ती म्हातारी त्याचा हात थोपटून म्हणाली, 'खरं सांगू, लव्ह? मलाही तो आधीचाच आवडायचा.'"

मेधा हसता हसता रडत होती. मीही रडत होते बहुधा. पण त्याहून जास्त बोलत होते, हातवारे करून, शिरीषच्या त्या शांत, आगाऊ आवाजात. मनोहर मोठ्याने हसला खरा, पण भलत्याच जागी, चष्म्यापाशीच, आणि आजीबाईचं वाक्य त्याच्या हसण्यात बुडून गेलं. सुधन्वाने कपाळाला हात लावला. मी माझा चष्मा काढला, ओढणीला पुसला, आणि मनोहरला तो प्रसंग पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतला.