गाळलेल्या तीन चाचण्या

वसुंधरा मेस्त्री माणिकपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. चोवीस वर्षं झाली होती लागून. द्रावणं तयार करणं, काचसामान धुऊन मोजून ठेवणं, मुलांच्या हातून काय फुटलं ते वहीत लिहिणं, असलं काम. पुढे प्रयोगशाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीचे सहायक दोन पावलं मागे सरले आणि ही खुर्ची ओढून बसली. शिकवलं कोणीच नाही. दुसऱ्याची बोटं बघत, कुठलं बटण कशाचं ते वहीत उतरवत ती शिकली. हळूहळू असं झालं की प्रिंटर अडला, नवं सॉफ्टवेअर बसवायचं झालं, तर विभागात कोणीही म्हणे, "वसुंधरा मॅडमना बोलवा." हे वाक्य कानावर पडलं की तिला फार बरं वाटायचं. तसं तिने कधी कोणाजवळ बोलून दाखवलं नाही, एवढंच.

प्रीतल मॅडम विभागात नव्या प्राध्यापिका होत्या, वयाने वसुंधरापेक्षा वीस वर्षांनी लहान. भुईगावच्या बाजूला समुद्राचं पाणी विहिरींत कितपत शिरतंय ते वर्षभर मोजायचं, असं काम त्यांनी हाती घेतलं होतं. अकरा विहिरी निवडल्या. महिन्यातून एकदा वसुंधराने रिक्षाने जाऊन प्रत्येक विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणायचं, खारटपणा मोजायचा आणि आकडे कॉम्प्युटरला द्यायचे. पुढचा हिशेब आणि आलेख काढायला परदेशातल्या काही शास्त्रज्ञांनी लिहिलेलं एक सॉफ्टवेअर होतं, कोणालाही फुकट मिळणारं.

ते बसवायचं काम अर्थातच वसुंधराकडे आलं.

अशा सॉफ्टवेअरबरोबर चाचण्याही येतात. उत्तर आधीच माहीत असलेली गणितं ते स्वतःच सोडवून बघतं. उत्तर जुळलं तर चाचणी पास, नाही तर नापास आणि पडद्यावर लाल ओळ. याच्याबरोबर एकशे सेहेचाळीस चाचण्या होत्या. प्रीतल मॅडमच्या ॲपलच्या लॅपटॉपवर सगळ्या पास झाल्या. कॉलेजचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या जितेंद्रने ते तळमजल्यावरच्या लिनक्सच्या मशीनवर चालवून पाहिलं, तिथेही सगळ्या पास. प्रयोगशाळेतल्या जुन्या विंडोजवर मात्र तीन नापास.

वसुंधराने सॉफ्टवेअर काढून परत बसवलं. तीन नापास. वेगळी आवृत्ती उतरवली. पुन्हा तेच तीन. चार दिवस ती त्या लाल ओळींसमोर बसत होती. या सॉफ्टवेअरबद्दल प्रश्न विचारायला नेटवर एक पान होतं. तिथे तिने आधी एकदा, बसवायच्या वेळीच, मोडक्यातोडक्या इंग्रजीत काहीतरी विचारलं होतं, आणि कोणीतरी एका ओळीत उत्तर दिलं होतं की विचारण्यापूर्वी सूचना वाचत जा. ते उत्तर प्रीतल मॅडमनीही पाहिलं होतं. त्या काही बोलल्या नव्हत्या, पण वसुंधराच्या मनात ते काट्यासारखं रुतून राहिलं होतं. पुन्हा तिथे जाऊन विचारायचं तिच्या जिवावर आलं. जितेंद्रला विचारावं, तर तो पंचवीस वर्षांचा. तो हसेल असं वाटलं. तो हसणारा नव्हता, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी तिला कळलं की एखादी चाचणी गाळायची सोय असते. चाचणीच्या वर एक शब्द लिहिला की ती चालवलीच जात नाही. तिने तिन्हींवर तो शब्द लिहिला. पडदा हिरवा झाला. शेवटच्या ओळीत 'एकशे त्रेचाळीस पास, तीन गाळल्या' असं आलं. पडद्याचा फोटो काढून तिने तो प्रीतल मॅडमना पाठवायला घेतला. मग थांबली, फोटोची खालची पट्टी कापली आणि उरलेला पाठवला.

"वा, झालं की, मॅडम," असं उत्तर आलं.

काम सुरू झालं. एप्रिलपासून वसुंधरा दर महिन्याला बाटल्या घेऊन निघायची. भुईगावच्या चार विहिरी महिन्याच्या पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात, बाकीच्या सात वीस तारखेच्या आसपास. त्या चारांपैकी एक सायमन तुस्कानोंची. सायमन अंकल सत्तरीचे, वाडीत राबणारे. नारळ, केळी, आणि विहिरीच्या कडेने पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेल्या विड्याच्या पानवेलींच्या तीन रांगा. त्यांची बायको रोझलीन आंटी वसुंधराला कधी रिकाम्या हाताने जाऊ द्यायची नाही. केळ्यांची फणी नाही तर निदान पानांची जुडी पिशवीत यायचीच.

नोव्हेंबरात आलेख निघाले. सात विहिरींचं पाणी पावसाने गोडं झालेलं दिसत होतं. भुईगावच्या चार विहिरी मात्र ऑगस्टात खारट, ऑक्टोबरात त्याहून खारट. एवढा पाऊस पडूनही पाणी गोडं होत नाही, म्हणजे समुद्र आत आला, असाच अर्थ कोणीही काढला असता. फाईलमधले मूळ आकडे उलटून कोणी पाहिले नाहीत. प्रीतल मॅडम स्वतः वसुंधराला घेऊन चारही घरी गेल्या. पंपाने उपसा केला तर खारं पाणी आणखी ओढलं जाईल, पंप बंद ठेवा, असं त्यांनी समजावून सांगितलं.

सायमन अंकल वसुंधराकडे बघून म्हणाले, "पन बाई, पानी तर गोडं लागते. सकाळीच प्यालोय मी."

मॅडमनी तोंड उघडायच्या आत वसुंधराच बोलली, "अंकल, जिभेवर नका जाऊ. मशीनला कळतं ते जिभेला नाही कळत."

नारळ थोडंफार खारं सोसतो. पानवेल सोसत नाही, आणि पाण्यावाचूनही जगत नाही. डिसेंबरात वसुंधरा बाटली भरायला गेली तेव्हा पांगारे उघडे उभे होते आणि वेली कडेला ढीग करून ठेवल्या होत्या. "वाळताना कोन बघत बसेल," एवढंच रोझलीन आंटी म्हणाली. त्या दिवशी पिशवीत काही आलं नाही.

जानेवारीत प्रीतल मॅडमना शोधनिबंध लिहायचा होता, म्हणून त्यांनी आकड्यांची फाईल आपल्या लॅपटॉपवर घेतली आणि आलेख पुन्हा काढले. तिथे अकराच्या अकरा विहिरी पावसाळ्यानंतर गोड्या दिसल्या. फाईल तीच, आकडे तेच, सॉफ्टवेअरही तेच. त्यांनी जितेंद्रला वर बोलावलं. जितेंद्रने विंडोजवर सगळं नव्याने बसवून चाचण्या चालवल्या. तीन नापास.

त्याने ती लाल ओळ मोठ्याने वाचली. वसुंधरा शेजारच्या टेबलाशी बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होती.

"मॅडम, हे तारखेचं आहे. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. या मशीनवर अमेरिकन पद्धत लावलेली आहे, आधी महिना मग दिवस. दहा जून लिहिलं की हे वाचतंय सहा ऑक्टोबर."

"आणि वीस जून?"

"विसावा महिना नसतोच, त्यामुळे ती बरोबर वाचतंय. घोळ फक्त बारा तारखेपर्यंतचा."

आठ मे हा पाच ऑगस्ट झाला होता. दहा जूनचं, पावसाआधीचं खारट पाणी ऑक्टोबरात जाऊन बसलं होतं. वसुंधराने ती लाल ओळ पूर्वी शंभर वेळा पाहिली होती. ओळीत दोन्ही तारखा लिहिलेल्या होत्या, कोणती यायला हवी होती आणि कोणती आली. तिने ती एकदाही नीट वाचली नव्हती. ती फक्त लाल रंग जाईल कसा हे बघत होती.

"पण वसुंधरा मॅडमनी बसवलं तेव्हा सगळं पास होतं ना?" जितेंद्र म्हणाला. "मध्ये विंडोजचं अपडेट आलं असेल. त्यात सेटिंग बदलतात कधी कधी."

"तसंच झालं असेल," प्रीतल मॅडम म्हणाल्या. "तुमच्या लक्षात येतंय का काही, मॅडम?"

"नाही," वसुंधरा म्हणाली.

तिच्यापुढे सुटायची वाट आयती येऊन पडली होती आणि ती त्या वाटेने दोन दिवस चालली. घरी भाजी करपली. नवऱ्याने विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली. विभागात कोणीतरी नेहमीप्रमाणे "वसुंधरा मॅडमना बोलवा" म्हणालं आणि तिचे कान तापले. रोझलीन आंटीच्या घरच्या पानांची चव तिला भर दुपारी, काही न खाता, तोंडात आल्यासारखी वाटायची. आणि सारखं ते वाक्य आठवायचं, जिभेवर नका जाऊ. म्हाताऱ्या माणसाला, त्याच्याच अंगणात उभं राहून, त्याच्याच विहिरीबद्दल ती ते बोलली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलं यायच्या आत ती प्रीतल मॅडमच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मोबाईलमध्ये तो कापलेला फोटो तसाच होता आणि त्याच्या आधीचा अख्खाही. तिने ते उघडून मोबाईल टेबलावर समोर ठेवला.

प्रीतल मॅडमनी एक फोटो पाहिला, मग दुसरा. "तुम्ही पट्टी कापलीत," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला का नाही सांगितलंत? मी काय म्हणाले असते?"

"काही नाही म्हणाला असता. मलाच लाज वाटली, मॅडम. तीन चाचण्या जमत नाहीत हे सांगायची."

प्रीतल मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर वसुंधराला सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "चार घरांत मी माझ्या तोंडाने सांगून आलेय," आणि टेबलावरची निबंधाची पानं बाजूला सारली. मग म्हणाल्या, "दुपारी जाऊ. दोघी जाऊ."

"तीन घरी दोघी जाऊ. सायमन अंकलकडे मला आधी एकटीला जाऊ द्या."

सायमन अंकल ओट्यावर नारळ सोलत होते. वसुंधरा बसली नाही. तिने उभ्यानेच सांगितलं, तारखांचं, चाचण्यांचं, फोटोचं. कुठे मशीनचा दोष म्हणून पळवाट काढायची नाही असं ठरवून आली होती, तरी मध्ये एकदा "मशीननेच उलटं वाचलं" असं तोंडातून गेलंच, आणि तिचं तिलाच ते ऐकवेना. रोझलीन आंटी आतून दारात येऊन थांबली.

अंकलनी हातातला नारळ बाजूला ठेवला. "म्हंजे पानी गोडं होतं."

"हो."

"आनी तुमाला तवा म्हाईत होतं? काईतरी चुकतेय म्हनून?"

"काय चुकतंय ते माहीत नव्हतं. काहीतरी चुकतंय हे माहीत होतं."

त्यांनी पांगाऱ्यांकडे पाहिलं. आवाज न चढवता ते म्हणाले, "बाई, मला आता राग आलाय. मला काई बोलायचं नाय. तुमी आज जा."

ती निघाली. फाटकापर्यंतचा रस्ता वीस पावलांचा होता. मागून कोणी हाक मारली नाही.

त्या आठवड्यात प्रीतल मॅडमनी चारही घरांना सहीचं पत्र दिलं आणि निबंधाचं काम मागे ठेवलं. वसुंधराने नेटवरच्या त्या पानावर जाऊन सगळं लिहिलं, कुठलं मशीन, कुठली सेटिंग, कुठल्या तीन चाचण्या, आणि आपण त्या गाळल्या होत्या हेसुद्धा. इंग्रजी चुकलेलं होतं, तसंच राहू दिलं. तिसऱ्या दिवशी कोणीतरी दोन प्रश्न विचारले, महिन्याभरात नवी आवृत्ती आली. बदलांच्या यादीत, ही चूक कळवल्याबद्दल आभार म्हणून तिचं नाव होतं. जितेंद्रने ते विभागात सगळ्यांना दाखवलं. तिने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "नको दाखवूस. का ते मॅडमना विचार." त्याने विचारलं असावं, कारण त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

फेब्रुवारीत बाटली भरायला ती भुईगावला गेली, तेव्हा पंप चालू होता आणि पांगाऱ्यांच्या बुंध्याशी वेलीचे नवे तुकडे लावलेले होते, अर्नाळ्याच्या मेहुण्याकडून आणलेले. पानं तोडण्याजोगी व्हायला वर्ष तरी जाणार. सायमन अंकल तिच्याशी बोलले नाहीत. रहाटाजवळ आले, तिच्या हातातून बाटली घेतली, स्वतः भरली आणि तारीख काय घालताय ते बघत उभे राहिले. तिने आकड्यांऐवजी अक्षरांत लिहिलं, 'सात फेब्रुवारी'. त्यांनी ते वाचलं आणि बाटली तिच्या हातात दिली.

कॉलेजला या वर्षी नवे कॉम्प्युटर आले. त्यातल्या एकावर परवा पाच चाचण्या नापास झाल्या. वसुंधराने पडद्याचा अख्खा फोटो काढून प्रीतल मॅडमना आणि जितेंद्रला पाठवला, खाली लिहिलं, "मला हे समजत नाही." पाठवताना तिचे कान तापलेच. जितेंद्र वर आला, खुर्ची ओढून शेजारी बसला, आणि दोघांनी पहिली लाल ओळ अगदी सावकाश वाचायला घेतली.