परातीतलं वाळवंट

"माका एकदा वाळवंट बघूचा आसा गो. मिया शिकवलंय ता खरा काय खोटा, ता तरी कळांदे."

निवृत्त झाल्यावर आईने एवढाच हट्ट धरला. वेंगुर्ल्याच्या शाळेत तिने तीस वर्षं भूगोल शिकवला. परातीत किनाऱ्यावरची कोरडी वाळू ओतायची, विंझण्याने वारा घालायचा, की झाली वाळवंटातली टेकडी! स्वतः मात्र तिने वाळवंट कधी पाहिलं नव्हतं.

जानेवारीत निघालो. कुडाळहून मुंबई, तिथून रेल्वेने जोधपूर आणि पुढे जैसलमेरपर्यंत बसचे साधारण सहा तास. खिडकीची जागा मागून घ्या. खोबरेल तेल विसरू नका. इथे टॉवेल तासाभरात कडक वाळतो आणि ओठ फुटतात. दुपारी टोपी लागते, सूर्य कलला की शाल.

"हवेत ओल नाय, ढग नाय, मगे ऊब धरून ठेवतला कोण?" आईचा तास बसमध्येच सुरू झाला.

जैसलमेरजवळच्या सम गावी वाळूच्या टेकड्यांवर उंटवाल्याने माणशी पाचशे सांगितले. आईने त्याला हात जोडले, चपला काढल्या आणि चालायलाच लागली. वाऱ्याकडची बाजू सौम्य, पलीकडची एकदम उभी. त्या उभ्या उतारावरून ही बाई बसून घसरत खाली गेली आणि तिथून ओरडली, "माजी परात बरोबर होती गो!" मला इतका अभिमान वाटला की फोटो काढायचंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी जवळच्या ढाणीत, म्हणजे चार घरांच्या वस्तीत, जेवलो. बाजरीची भाकरी, वर तूप आणि सुकवलेल्या शेंगांची भाजी. कसल्या शेंगा, विचारलं तर घरच्या बाईने अंगणातलं खेजडीचं झाड दाखवलं. "सांगरी है। बारिश न हो, तब भी यही पेड़ खिलाता है।"

आईचा घास हातातच राहिला. "वाळवंटात कायएक उगवत नाय म्हणान सांगलंय मिया पोरांका. तीस वर्सां!" परतीच्या वाटेवर ती फारसं बोलली नाही. जैसलमेरच्या बाजारातून तिने पावशेर सांगरी घेतली.

घरी आल्यावर सोमवारी ती परात घेऊन शाळेत गेली. मुख्याध्यापिकांकडून एक तास मागून घेतला. वाळूवर सांगरी ठेवली आणि म्हणाली, "मुलांनो, वाळवंटात काही उगवत नाही, असं मी तीस वर्षं शिकवलं. ते चूक होतं. घरी जाऊन आईबाबांनाही सांगा. त्यांना मीच शिकवलंय."

मी मागच्या बाकावर होते. मीही तिचीच विद्यार्थिनी. त्या वर्गात इतकी ताठ मी कधीच बसले नव्हते.