कोहळ्याच्या डोक्यावर टोपी

पवनारला धाम नदीच्या अंगानं ज्यांच्या भाजीपाल्याच्या वाड्या आहेत, त्यांत नत्थू झाडेची वाडी सगळ्यात लहान. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाच्या कडेनं कोहळ्याचे वेल. सकाळच्या बसनं माल वर्ध्याला न्यायचा, दुपारी परत यायचं, पुन्हा वाफ्यात वाकायचं. माणूस अबोल. भाव विचारला तर भाव सांगेल, पुढे गप्प. पण लहान लेकराच्या टोपीचा विषय निघू द्या, नत्थूची जीभ अशी सुटते की ऐकणाऱ्याची बस चुकते.

याला कारण त्याची मुलगी रंजिता.

रंजिता जन्मली ती पांढऱ्याशुभ्र केसांची. पापण्या पांढऱ्या, भुवया पांढऱ्या, अंग सायीच्या रंगाचं. शेजारची धुरपता बघायला आली आणि म्हणाली, "शालू, तुह्या घरी तं मेम आली वो!" नत्थूची बायको शालू हसली खरी, पण बाई गेल्यावर पदरात तोंड लपवून रडली. मूल उजेडात डोळे मिटून घ्यायचं. पाच-दहा मिनिटं उन्हात राहिलं तर अंग लाल व्हायचं.

सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं. "हिच्या अंगात रंग तयार होत नाही. त्यात तुमची चूक नाही, कोणाचा शाप नाही. नजर थोडी कमी राहील. उन्हापासून जपा. पूर्ण बाह्यांचे कपडे, लावायचं मलम आणि टोपी. पण घरात कोंडू नका. खेळू द्या, शाळेत धाडा."

नत्थूनं एकच विचारलं, "टोपी कोणती, मॅडम?"

"मोठ्या काठाची. बाकी तुम्ही बघा."

डॉक्टर बाई सहज बोलून गेल्या. नत्थूनं मात्र ते शेवटचे तीन शब्द गाठीला बांधून घेतले.

पहिली टोपी त्यानं जत्रेतून आणली. गवताची, मोठ्या काठाची, वर गुलाबी फूल. तीन वर्षांची रंजिता त्या टोपीत अशी काही गोड दिसली की नत्थूनं दिवसभर तिला खांद्यावर मिरवलं. संध्याकाळी शालूनं टोपी काढली तर पोरीच्या कपाळावर आणि भांगात तांबडे ठिपके. चाळणीतून ऊन पडलं होतं. गवताच्या विणीत जिथं जिथं भोक, तिथं तिथं खाली ठिपका. शालूनं ओलं फडकं ठेवलं, नवऱ्याला एका शब्दानं बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं नत्थूला रात्रभर वाटत राहिलं.

दुसरी टोपी पुढे चोच असलेली, क्रिकेटवाल्या पोरांसारखी. तिनं नाक वाचवलं आणि कान भाजले. मानेवर फोड आला. तिसरी टोपी जाड रेग्झिनची. तिच्यातून ऊन काय, पाणीसुद्धा आत जाणार नाही अशी. ती रंजितानं दुसऱ्याच दिवशी पाटाच्या पाण्यात फेकून दिली.

"काऊन फेकली वो?"

"गरम होते, बाबा."

नत्थूनं पाण्यातून टोपी काढली, वाळवली, स्वतःच्या डोक्यावर कशीबशी बसवली आणि मेथीचा एक वाफा खुरपला. वाफा संपायच्या आत डोकं भातासारखं शिजलं. त्यानं टोपी काढून बांधावर ठेवली आणि शालूला म्हणाला, "पोट्टीनं बराबर केलं. मीपण फेकली असती."

मग त्यानं जे केलं त्यावरून गावानं त्याची वर्षभर टर उडवली. वाडीतलं एक गोल कोहळं त्यानं तोडलं. कोहळं म्हणजे आपला लाल भोपळा, पण हे अगदी लेकराच्या डोक्याएवढं. कोळशानं त्यावर डोळे, नाक, कान काढले. रंजिताच्या उंचीचा बांबू रोवून त्यावर ते बसवलं. शालूनं जुन्या चादरीची वेगवेगळ्या काठांची टोपरी शिवून दिली. नत्थू एकेक टोपरं कोहळ्याला घालायचा आणि दहाला, बाराला, चारला येऊन पाहायचा, सावली कुठवर पडते.

शेजारच्या वाडीतला चिंधू कुंपणाशी येऊन उभा राहायचा. "बुजगावणं बसवलं काय बे, नत्थू? पाखरं भेत नाईत, हासून राह्यले!"

"हासू दे. तू कानाकडे पाह्य. सावली आली का कानावर?"

चिंधू हसता हसता बघायचा आणि नाइलाजानं सांगायचा, "अर्ध्या कानावर आली."

"म्हंजे अजून बोटभर पाह्यजे."

रोपांवर हिरवी जाळी टाकणारा माणूस तो. सावलीचं गणित त्याच्या हातात होतंच, फक्त ते कधी डोक्यावर मोजलं नव्हतं. पंधरा दिवसांत त्याला कळलं ते असं. बाराचं ऊन सरळ येतं, ते कोणतीही टोपी अडवते. खरी लबाडी चारच्या उन्हाची. ते बाजूनं घुसतं, कानामागून मानेत उतरतं. त्यासाठी काठ चारी बाजूंनी हवा, त्याची स्वतःची चार बोटं भरतील एवढा, आणि मागे मानेवर पडेल असा पदर. काठ लुळा नको, नाहीतर डोळ्यांवर लोंबतो आणि आधीच कमी दिसणारं लेकरू ठेचकाळतं. आणि काठाची खालची बाजू गडद हवी. पांढरी असली तर जमिनीवरून उसळलेलं ऊन तिथं आपटून डोळ्यांत येतं. हे शेवटचं त्याला कोहळ्यानं नव्हे, रंजितानंच सांगितलं. "बाबा, हे टोपी आतून चमकते," असं म्हणून तिनं डोळे चोळले होते.

हे सगळं डोक्यात घेऊन तो वर्ध्याला प्रभाकररावांच्या दुकानात गेला. प्रभाकररावांचं कपड्यांचं दुकान तीस वर्षांचं. गिऱ्हाईक टोपी आरशासमोर घालून बघतं, हे त्यांना माहीत. नत्थू टोपी घेऊन दुकानाच्या बाहेर गेला आणि तिचा माथा आभाळाकडे करून आत डोकं खुपसून बघू लागला.

"अरे भाऊ, हे काय करून राह्यला?"

"उजेड पाहून राह्यलो. हे चाळणी हाय, दुसरी दाखवा."

अकरा टोप्या त्यानं अशा आभाळाकडे धरल्या. बारावी घट्ट विणीची, सुती, शेवाळी रंगाची. उजेड आला नाही. त्यानं ती मुठीत चुरगाळून सोडली. काठ पुन्हा ताठ झाला. मग तिच्यात तोंड घालून फुंकर मारली. श्वास आरपार गेला. हनुवटीखाली नाडी होती, ती मात्र त्याला पसंत पडली नाही. झोपाळ्यात, फांदीत अडकली तर गळ्याला फास. घरी शालूनं नाडी कापून टिचबटण लावलं, ओढ बसली की आपोआप सुटणारं. मागे मानेचा पदर शिवला. त्या टोपीत रंजितानं पूर्ण उन्हाळा काढला आणि अंगावर एक चट्टा आला नाही. नत्थू बसमध्ये ज्याला त्याला सांगत सुटला, "एक चट्टा नाई!" ऐकणाऱ्याला मागचं-पुढचं काही ठाऊक नसायचं.

दर वर्षी डोकं वाढायचं, दर वर्षी नवी टोपी. प्रभाकरराव आता त्याला बघितलं की स्वतःच गठ्ठा घेऊन उन्हात यायचे.

पण तिसरीत असताना एक दिवस रंजिता घरी आली आणि टोपी खाटेवर टाकून म्हणाली, "मी नाई घालत आता. मीच एकटी काऊन? पोट्टे टोपीवाली मेम म्हणते मले."

नत्थूला कोहळ्याच्या कानावरची सावली मोजता आली होती. हे चार बोटांनी मोजता येईना. शालूनं पोरीची समजूत घातली, दुसऱ्या दिवशी टोपी पुन्हा डोक्यावर चढली. पण नत्थूच्या जेवणातली चव दोन-तीन दिवस गेली होती.

रंजिता सहावीत गेली तेव्हाची गोष्ट. आदल्या मार्चमध्ये शाळेच्या मैदानावर कवायत करताना दोन मुलांना भोवळ आली होती. ते ऐकून गावातल्या सदाशिवरावांनी, निवृत्त मास्तरांनी, शाळेतल्या सगळ्या शहाऐंशी मुलांना टोप्या द्यायचं ठरवलं. मुख्याध्यापिका छाया मॅडमनी बैठक बोलावली. व्यापाऱ्यानं पाठवलेले तीन नमुने टेबलावर ठेवले. आणि नत्थूच्या घरी निरोप गेला, "मॅडमनं बोलावलं. टोपी निवडाले."

नत्थूला वाटलं, चिंधूची काहीतरी चेष्टा असेल. शालूनंच धुतलेला सदरा हातात दिला. "जा नं. गावात तुमच्याएवढं कोणाले समजते त्यातलं?"

शाळेत सगळ्यांची पसंती ठरलेलीच होती. चोच असलेली पांढरी टोपी, दिसायला झकपक, आणि कपाळावर सदाशिवरावांचं नाव छापायला ऐसपैस जागा. नत्थूनं ती घेतली, खिडकीशी गेला, आभाळाकडे धरली, परत येऊन टेबलावर ठेवली.

"हे नाई, मॅडम."

"का हो? छान तर आहे."

नत्थूला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. तो सदाशिवरावांकडे वळला. "मास्तर, माफी असावी. दोन मिनिटं मैदानात येता काय?"

दुपारचे साडेतीन झाले होते. सदाशिवरावांच्या डोक्यावर केस नावालाही नव्हते. नत्थूनं अदबीनं त्यांना ती पांढरी टोपी घातली आणि उन्हाकडे पाठ करून उभं केलं. बैठकीतले सगळे ओट्यावर आले. दोन मिनिटांची पाच झाली. मास्तर मानेवरून हात फिरवू लागले, मग कानांवरून.

"कुठं लागून राह्यलं, मास्तर?"

"मानेला," सदाशिवराव म्हणाले. "अन् कान तर पेटलेच माझे."

मग नत्थूनं घरून आणलेली रंजिताची टोपी, त्यांना लहान होत होती तरी, वरच्यावर धरून त्यांच्या मानेवर सावली पाडली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. "अरे, हे वेगळंच आहे की."

"मंग लेकरं तं दोन तास राह्यते, मास्तर."

नत्थू जसा बोलू लागला तसा थांबेना. वीण घट्ट पाहिजे, काठ चार बोटं, खालून गडद, मागे पदर, नाडी नको, बटण पाहिजे. सगळ्यांना एकच माप नको. पहिलीचं डोकं वेगळं, सातवीचं वेगळं, सुतळीनं मोजून घ्या. दर आठवड्याला धुवून रंग गेला तर चालेल, आकार गेला तर नाही. छाया मॅडम वहीत लिहून घेत होत्या. मध्येच त्या हसून म्हणाल्या, "झाडे, हळू सांगा. लिहिणं मागे पडतंय."

अडचण एकच उरली. अशा टोपीला कपाळ नसतं, मग नाव कुठं छापायचं? सगळे मास्तरांकडे बघू लागले. सदाशिवराव क्षणभर हिरमुसले, हे नत्थूनं पाहिलं. मग त्यांनी स्वतःच टोपी उलटी केली. "आत पोरांची नावं लिहा. अदलाबदल झाली तर घरोघर उवा जातील."

टोप्या गावातल्या बचत गटाच्या बायांनी शिवल्या. शालूनं मापानं कापड कापलं. नत्थूनं प्रत्येक टोपी आभाळाकडे धरली, शहाऐंशीच्या शहाऐंशी. चार परत केल्या. धुरपतानं शिवलेल्या दोन त्यात होत्या. ती आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

पुढल्या मार्चमध्ये शाळेच्या मैदानावर खेळांचा दिवस होता. नत्थू बाजार लवकर उरकून परस्पर मैदानावर आला. लंगडीचे डाव चालू होते. तो कुंपणाशी उभा राहून रंजिताला शोधू लागला. इतकी वर्षं लेकीला शोधावं लागलं नव्हतं. कितीही पोरं असोत, एकच टोपी दिसायची आणि तिच्याखाली रंजिता असायची. आज सगळीकडे शेवाळी टोप्या. उड्या मारणाऱ्या, पळणाऱ्या, पडणाऱ्या. त्यानं एक बाजू बघितली, दुसरी बघितली. सापडेना.

चिंधू शेजारी येऊन उभा राहिला. "काय शोधून राह्यला?"

"रंजिता दिसून नाई राह्यली."

चिंधूनंही डोळ्यांवर हात धरून बघितलं. "मलेपण नाई दिसत लेका." मग त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं नत्थूकडे वळून पाहिलं. नत्थूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. चिंधूनं आयुष्यात पहिल्यांदा त्याची टर न उडवता नुसता पाठीवर हात ठेवला.

रंजिताच्या गटानं लंगडी जिंकली नाही, दुसरा नंबर आला. ती धापा टाकत आली आणि म्हणाली, "बाबा, तू होता काय इथं? मी हात केला, तू पाह्यलंच नाई!"

आता रंजिता नववीत आहे, वर्ध्याला शिकते. फळा दिसावा म्हणून पहिल्या बाकावर बसते आणि बसच्या पाट्या वाचायला छोटी दुर्बीण बाळगते. यंदाची टोपी तिनं एकटीनं आणली. मैत्रिणीला घेऊन प्रभाकररावांच्या दुकानात गेली आणि निळी टोपी निवडली, काठाला पांढरी शिवण असलेली. नत्थूला निळा रंग मुळीच आवडला नाही. त्यानं टोपी अंगणात नेली, आभाळाकडे धरली, चुरगाळली, फुंकर मारली, चार बोटं लावून बघितली.

"कशी हाय, बाबा?"

नत्थूनं पुन्हा एकदा आत डोकावून पाहिलं. काही खोट काढता आली नाही.

दोन दिवसांनी सकाळच्या बसमध्ये वांग्यांची पोती चढवता चढवता तो कंडक्टरला सांगत होता, "पोट्टीनं सोताच्या मनानं टोपी आणली. बाराच्या बारा आभाळाकडे धरून पाह्यल्या म्हणे तिनं. दुकानदार सांगत होता मले."

"हो का?" कंडक्टर म्हणाला. "तिकीट काढा."