शास्त्रात 'न्हाय' नसतं

"तोंडातला महारवाडा मोरीवर थुंकून ये. मग देवाचं नाव घे."

मोठ्या बाई हे भर सभेत म्हणाल्या. पाठांतराचा रविवार होता. बेळगावच्या आमच्या मिशन बोर्डिंगात वर्षातून एकदा हा दिवस यायचा. पोरी एकेक करून पुढं यायच्या, हात मागं बांधायच्या आणि पाठ केलेलं स्तोत्र म्हणायच्या. बाकांवर मंडळी. पहिल्या खुर्चीत गोरी मडम. मी निपाणीहून आणलेली, आठ-नऊ वर्षांची. मला मेंढपाळाचं स्तोत्र दिलं होतं. देव मेंढपाळ, मी त्याचं मेंढरू, मला काही उणं पडणार नाही, असं ते आहे. मी छाती भरून म्हणाले. फक्त 'पडणार नाही'च्या जागी 'पडणार न्हाय' म्हणाले.

एवढंच. एक 'न्हाय'.

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मोठ्या बाई उठल्या. बोर्डिंग त्यांच्या ताब्यात होतं. अंगावर शहापुरी लुगडं, निरी कशी तर इस्त्री केल्यासारखी. त्यांचे आजोबा शास्त्री होते आणि ख्रिस्ती झाले होते. हे त्या आम्हाला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायच्या. घरात येशू येऊन दोन पिढ्या झाल्या होत्या, पण शास्त्रीबुवा काही घर सोडून गेले नव्हते.

"शास्त्रात 'न्हाय' नसतं," त्या म्हणाल्या. "जा. राखुंडी घे. जीभ घास."

मोरी खिडकीबाहेरच होती. बाकांवरून सगळ्यांना दिसायची. तिथली खडेबाजारातून आणलेली काळी राखुंडी मी बोटावर घेतली आणि जीभ घासली. दात नव्हे, जीभ. काळं थुंकले. परत घासली. आग व्हायला लागली तशी परत आले, हात मागं बांधले आणि म्हणाले, "पडणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मडमनं मला एक रंगीत चित्र दिलं. गोऱ्या माणसाच्या खांद्यावर पांढरं कोकरू.

मडम मराठीत म्हणाली, "मुलगी फार चांगला आहे. देव प्रसन्न झाली."

कुणी हसलं नाही. मोठ्या बाईंनी भक्तिभावानं मान डोलावली. मडमच्या तोंडात देवाची बाई झाली तरी चालत होतं. तिला कुणी मोरीवर पाठवलं नाही. राखुंडी तेवढी आमच्यासाठी होती.

हे तेव्हा मला उमगलं असं सांगितलं तर खोटं होईल. तेव्हा मी चित्र छातीशी धरून उभी होते आणि जीभ चुरचुरत होती.

त्यानंतर मी पाठांतराच्या मागंच लागले. स्तोत्रं पाठ केली, डोंगरावरचा उपदेश पाठ केला, पौलाची पत्रं पाठ केली. लोक म्हणायचे, पोरीवर देवाची कृपा आहे. कृपा कसली डोंबलाची! भीती होती. पुस्तकातली वाक्यं म्हणत होते तोवर माझं स्वतःचं काही तोंडातून निसटत नव्हतं. स्वतःचं बोलायची वेळ आली की तांदळातले खडे निवडावेत तसे शब्द निवडायची. 'न्हाय' काढ. 'हाय' काढ. 'लई' काढ. निवडून होईतोवर समोरचा माणूस निघून गेलेला असायचा.

मे महिन्यात निपाणीला घरी आले. आई तंबाखूच्या वखारीत चाळायच्या कामाला होती. आईबाप प्लेगच्या साथीनंतर ख्रिस्ती झालेले. त्यांना कुणी पाठांतर विचारलं नव्हतं. तेव्हा मिशनला माणसं हवी होती.

आईनं विचारलं, "जेवलीस का न्हाय गं?"

मी म्हणाले, "नाही, आई. मी अद्याप जेवलेली नाही."

आई माझ्याकडं बघतच राहिली. मग शेजारणीला हळूच म्हणाली, "हिच्याम्होरं तोंड उघडायची लाजच वाटती बाई आता."

त्यानंतर ती माझ्याशी मानेनंच बोलायची. व्हय म्हणायचं तर मान खाली, न्हाय म्हणायचं तर मान आडवी. जीभ माझी घासली आणि गप्प झाली माझी आई. मी शिकत गेले तशी ती आणखी गप्प झाली आणि तशीच एक दिवस गेली. या एका गोष्टीचा राग मी अजून गिळलेला नाही. गिळणारही नाही.

लग्न झालं. नवरा मिशनच्या शाळेत मास्तर होता, चार वर्षांत वारला. मिशननं मला बायबलबाई केलं. बायबलबाई म्हणजे वाड्यावस्त्यांत फिरून बायकांना शास्त्र सांगणारी. मंडळीचा धर्मगुरू, पाळक, व्हायचं ते पुरुषानं, पायपीट करायची ती आम्ही. निपाणी, चिकोडी, संकेश्वर. ऊन बघितलं नाही, चिखल बघितला नाही. अंगात कसली तरी तगमग होती, एका जागी बसवायचं नाही. अशी विसावर वर्षं काढली. बाया ऐकायच्या, "व्हय व्हय" म्हणायच्या आणि मी पाठ फिरवली की आपल्या कामाला लागायच्या. मला वाटायचं, यांचीच मनं दगडाची.

डोळे उघडले ते सुंद्राआक्कानं. ती वखारीतली म्हातारी. तोंडात दात नावाला. तंबाखूच्या धुळीनं, खकाण्यानं छाती भरलेली, दोन शब्दांमागं एकदा खोकायची. वखारीच्या दारात मी मेंढपाळाचं स्तोत्र म्हणून दाखवलं. नेहमीसारखं, स्वच्छ, एक काना चुकला नाही. सुंद्राआक्कानं चाळण थांबवली.

"मास्तरीणबाई, एक इचारू? तुमचा द्येव बेळगावच्या कचेरीत कामाला हाय का वं?"

"का गं?"

"न्हाय, लई कागदावानी बोलतो म्हून म्हनलं. आनि मेंढपाळ म्हंजे कोन?"

बाया फिदीफिदी हसल्या. मला राग आला. मग त्या रागातच मी तोंड उघडलं आणि खडे निवडायला विसरले.

"मेंढपाळ म्हंजे धनगर गं! द्येव माजा धनगर हाय. मला काय बी कमी पडायचं न्हाय."

वखारीत चाळणी हलेना. निपाणीत मेंढपाळ कुणी बघितलेला नाही. धनगर दर साली येतात. शेतात मेंढरं बसवतात, लंगडं कोकरू खांद्यावर घेऊन चालतात, लांडग्यामागं काठी घेऊन धावतात. सुंद्राआक्का म्हणाली, "आसं हाय व्हय! मग आदी का न्हाय सांगितलंस, पोरी?" मास्तरीणबाईची मी पोरी झाले. घरी येऊन रडले. आईशी बोलायची जीभ मला सापडली होती आणि आई नव्हती.

हे लिहितानाही मी 'नाही'च लिहिते आहे. हात अजून बोर्डिंगातच आहे. जीभ तेवढी सुटली.

मग सुंद्राआक्काला बाप्तिस्मा हवासा झाला. तिचं कारण सरळ होतं. तिचा एकुलता मुलगा शाळेत असताना ख्रिस्ती झालेला आणि तापानं गेलेला. ख्रिस्ती मंडळीच्या दफनभूमीत, भिंतीलगत त्याला पुरलं होतं. बाप्तिस्मा झालेल्यालाच तिथं जागा. "मला त्येच्या शेजारी जागा पायजे," ती म्हणायची. "दुसरं काय मागत न्हाय."

पण आता नियम झाला होता. बाप्तिस्मा मागणाऱ्यानं पंचांपुढं दहा आज्ञा आणि स्तोत्र बिनचूक म्हणायचं. मी तिला शिकवलं. आमच्या बोलीत शिकवलं. चाळण हलवता हलवता ती पाठ करायची.

परीक्षेला निपाणीच्या ख्रिस्ती देवळात पाळकसाहेब, मंडळीचे दोन वडील म्हणजे कारभारी पंच आणि बेळगावहून खास मोठ्या बाई आल्या. बाई आता थकल्या होत्या, हातात काठी होती. लुगडं मात्र शहापुरीच. सुंद्राआक्का धुतलेलं लुगडं नेसून उभी राहिली आणि दहा आज्ञा म्हणाली. त्या आज्ञा म्हणजे नकारांचाच ढीग. "खून करायचा न्हाय. चोरी करायची न्हाय. खोटी साक्ष द्यायची न्हाय." जवळजवळ दर आज्ञेला एक 'न्हाय' पडत होतं आणि वडिलांपैकी एकजण मिशीत हसत होता. मग तिनं स्तोत्र म्हटलं.

"द्येव माजा धनगर हाय. मला काय बी कमी पडायचं न्हाय. त्यो मला हिरव्या रानात बसवतो, वड्याच्या पान्यावर नेतो. काळ्या दरीत सुदिक म्या भ्येत न्हाय. त्येची काठी हाय."

खोकली. पण एक ओळ चुकली नव्हती.

पाळकसाहेब माझ्याकडं वळले. "प्रभूला धनगर? हे तुम्ही शिकवलंत?"

"मी शिकवलं."

ते काही बोलणार तेवढ्यात मोठ्या बाईंनी हात वर केला. माझ्याकडं बघून हसल्या.

"हिला मोरीवर ने. राखुंडी दे. तुझी जीभ साफ झाली, तशी हिचीही होईल."

प्रेमानं म्हणाल्या. खरंच प्रेमानं म्हणाल्या. त्यांच्या लेखी त्यांनी माझं कल्याण केलं होतं. इतकी वर्षं त्या मला लोकांना दाखवत होत्या, बघा, महारवाड्यातनं आलेली पोर कशी बोलते. ते सगळं त्या एका वाक्यात होतं. माझ्या तोंडात राखुंडीची चव आली. घशापर्यंत आली.

आणि सुंद्राआक्का पुढं झाली. "कुटं हाय राखुंडी? आना. घासती की." पोराशेजारच्या जागेसाठी ती निखारे गिळायलाही तयार होती. मोरीच्या दिशेनं चालायलाही लागली.

मी दारात आडवी उभी राहिले.

"न्हाय," मी म्हणाले.

देवळात तो शब्द केवढा मोठा वाटला. मोठ्या बाईंचं हसू तसंच राहिलं, चेहरा तेवढा उतरला.

"काय म्हणालीस?"

"न्हाय म्हनलं. म्या हिला राखुंडी देनार न्हाय."

मग सुंद्राआक्काकडं वळले. जागा तिची जाणार होती, माझी नव्हे. तिला म्हणाले, "आक्का, तुला घासायची आसंल तर मोरी तिकडं हाय. म्या आडवनार न्हाय. पर माज्या हातानं व्हायचं न्हाय." आणि दारातून बाजूला झाले.

ती थांबली. मोरीकडं बघितलं, पंचांकडं बघितलं. बराच वेळ खोकली. मग जमिनीवर बसकण मारली.

"ह्याच जिबंनं म्या त्येला अंगाई म्हनलीया," ती म्हणाली. "घासलेली जीब त्यो वळकायचा न्हाय."

पाळकसाहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष तिला मिळालं नाही. पावसाळ्यातच छातीनं गेली. दफनभूमीत जागा दिली नाही. आम्ही बायांनी तिला भिंतीच्या बाहेर, भिंतीला खेटून पुरलं. आत पोर, बाहेर आई, मधे हातभर रुंदीची दगडी भिंत. पाळक आले नाहीत. धनगराचं स्तोत्र मी म्हटलं. बाया मागून म्हणाल्या. कुणाला हे ऐकून बरं वाटत असेल तर वाटू नये. तिनं एकच गोष्ट मागितली होती आणि ती तिला मिळाली नाही.

आठवड्याभरात मला मिशनची खोली खाली करायला सांगितली. केली. आता मी आईच्याच वखारीत चाळायला बसते. लोक विचारतात, देव सोडलास का? का सोडू? राखुंडी देवानं मागितली नव्हती. पाठ केलेलं सगळं माझ्यापाशी आहे. खोली काढून घेता येते, ते काढून घेता येत नाही. चाळता चाळता मी म्हणते, बाया म्हणतात. जिवाला स्वस्थता मात्र नाही. कामावर जाताना भिंत दिसते, घरी येताना भिंत दिसते.

आता गोरे जाणार म्हणतात. निपाणीच्या बाजारात झेंडे निघतात, घोषणा होतात. जावेत. मडमही जाईल, देवाची बाई करून. पण मोठ्या बाई कुठं जाणार? त्या इथल्याच. मोरी इथलीच. राखुंडीही इथलीच.

येत्या परीक्षेला वखारीतल्या बाया बाप्तिस्मा मागायला जाणार आहेत. एकटी-दुकटी नाही, सगळ्या. मीही बरोबर जाणार आहे आणि पहिली मागणी माझी आहे. भिंत चार हात पुढं सरकवा आणि सुंद्राआक्काला आत घ्या. त्यानंतर आमची परीक्षा घ्या. दहा आज्ञा तयार आहेत. स्तोत्र तयार आहे. मी एकीचीही जीभ घासलेली नाही.

पंच सांगतील, मोरीवर जाऊन या. सांगू देत. त्यावर काय म्हणायचं तेही मी पाठ करून घेतलं आहे. एकच शब्द आहे. रोज दुपारी चाळण्या खाली ठेवून आम्ही सगळ्याजणी तो एकदम म्हणतो.

न्हाय.