कांताबाईंचं कललेलं शेत

आमच्या आंजीत कपाशी नुसती पेरत नाहीत, मांडतात. दोराला दोन-दोन हातांवर चिंध्या बांधायच्या, दोघांनी दोर ताणून धरायचा आणि बायांनी चिंधीपाशी बी टोबायचं. मग झाडं उभ्याआडव्या ओळींत येतात आणि बैलांचा डवरा दोन्हीकडून फिरून तण काढतो.

अशा गावात बाहत्तर साली कांताबाई रूपरावांची बायको होऊन आल्या. नागपूरला गणितात संशोधन करत होत्या, ते अर्ध्यावर ठेवून आल्या. त्यांचा प्रश्न ऐकायला साधा होता. अशा मांडणीच्या कोपऱ्यावर उभं राहिलं, तर तिरक्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या तिरक्या बांधापर्यंत, किती झाडं दिसतात आणि किती दुसऱ्या झाडामागे लपतात? बारा वर्षं तो प्रश्न चुलीजवळ, निंदणात, त्यांच्यासोबत राहिला; तिरक्या धुऱ्यापाशी आला की हिशेब अडायचा.

चौऱ्याऐंशी साली त्यांनी आपल्या सरांना, प्रभाकररावांना, पत्र टाकलं. उत्तर आलं: "पोळ्याच्या आत सिद्धता घेऊन ये, नाव पुन्हा नोंदवू. पुढच्या साली मी निवृत्त होतो. माझ्यानंतर हा विषय कोणी हाती धरायचं नाही."

त्या वर्षी दोराचं एक टोक रूपरावांनी धरलं होतं. गप्पांचा माणूस, बोलता बोलता दर ओळीला दोर आणखी वीतभर आपल्याकडे ओढत गेला. झाडं गुडघ्याला आली तेव्हा साऱ्या गावानं पाहिलं, अख्खं शेत एका अंगाला कललेलं.

निंदणाला आलेली धुरपता पदर तोंडाला लावून म्हणाली, "मालक, आता बैलायले तिरपं चालाले शिकवा!"

"हास, हास. बी तं तूच टोबलं ना?"

"चिंधी जिथं, बी तिथं. दोर तुमच्याच हाती होता."

कांताबाई मात्र कोपऱ्यावर एक डोळा मिटून उभ्या. शेत कललं होतं. पण सरळ शेतात जे झाड ज्याच्यामागे लपायचं, ते त्याच्याच मागे लपून होतं. त्या एकदम हसल्या.

"आता तू काऊन हासून राह्यली?" रूपरावांनी विचारलं.

"तुम्ही शेत बिघडवलं नाही हो. माझं अडलेलं काम केलं!"

म्हणजे शेत कलवलं तरी दिसण्या-लपण्याचा हिशेब बदलत नाही. मग तिरक्या धुऱ्याचा अडेल तुकडा आधी कलवून सरळ करून घ्यावा आणि सुखानं मोजावा. महिनाभर त्यांनी वह्या भरल्या आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी पहिल्या बसनं निघून नागपूर गाठलं.

सरांनी कागद दोनदा वाचले. "ही कलवायची युक्ती कुठून आणली?"

"आमच्या मालकांच्या चुकीतून, सर."

"त्यांना म्हणावं, अशाच करत राहा." सरांनी नोंदणीचा कागद पुढे सरकवला. "आठवड्यातून चार दिवस यायचं."

"वेचणी सुरू झाली की एकच जमेल."

"तीन."

"दोन."

"बरं, दोन. पण उद्यापासून."

कांताबाईंनी सही ठोकली आणि त्या उठल्या. "परवापासून, सर. उद्या पोळा. आज सांजेच्या आत घरी पोचून बैलांना उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं आहे."